द्रव्य आणि द्रव्यांश : आंत्रशोथाच्या चिकित्सेत आपली जबाबदारी

अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावरील मिरजगावात आम्ही गेली अनेक वर्षे वैद्यकव्यवसाय करीत आहोत. कर्जत तालुका हा अवर्षणप्रवण. उन्हाळ्यात टँकरचे पाणी आणि पावसाळ्याच्या आरंभी गढूळ पाणी, यामुळे अतिसार, प्रवाहिका आणि ग्रहणी या व्याधींचे रुग्ण आमच्याकडे बारमाही येतात. अशा रुग्णांच्या पिशवीत अलीकडे एक नवी वस्तू दिसू लागली आहे. पूर्वी जुने रिपोर्ट, अर्धवट संपलेली गोळ्यांची पाकिटे आणि एखाद्या चूर्णाची पुडी एवढेच असे. आता त्यांच्या जोडीला हळदीच्या सत्त्वाच्या, म्हणजे कर्क्युमिनच्या, कॅप्सूलची बाटली असते. ती कोणी दिली असे विचारले तर उत्तर मिळते, "दुकानातून आणली. आयुर्वेदिकच आहे, अपाय नाही म्हणाले."

या उत्तरानेच प्रस्तुत लेखास प्रवृत्त केले. वनस्पतीजन्य घटक आतड्यांचा शोथ कमी करतात काय, या प्रश्नावर गेल्या पंचवीस वर्षांत जगभर गंभीर संशोधन झाले आहे. त्यातील काही निष्कर्ष आपल्याला आनंद देणारे आहेत, काही विचारात पाडणारे आहेत आणि काही धोक्याची सूचना देणारे आहेत. आपल्या व्यवसायात मात्र केवळ पहिल्या प्रकारच्या निष्कर्षांचीच चर्चा होते. हे योग्य नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी जवळच्या वस्तीवरील एक सव्वीस वर्षांचा शेतकरी तरुण आमच्याकडे आला. दिवसातून आठ-दहा वेळा शौचास जावे लागे, मलाबरोबर आव आणि रक्त पडे, पोटात मुरडा येई. ऋतू पावसाळ्याचा होता. आम्ही प्रवाहिकेचे निदान केले आणि कुटजघन वटी, बिल्व आणि मुस्ता यांची योजना केली. पथ्यात ताक आणि मऊ भात सांगितला. पंधरा दिवसांत उतार पडला. महिन्याने लक्षणे पुन्हा उद्भवली. पुन्हा तेच औषध, पुन्हा थोडा उतार. असे चार महिने चालले. या चार महिन्यांत आम्ही त्यास दुर्बिणीच्या तपासणीसाठी पाठविले नाही. औषधाने उतार पडतो आहे, या समाधानात आम्ही राहिलो. अखेर वजन घटले, चेहरा पांढरा पडला, तेव्हा त्यास नगरला पाठविले. तपासणीत आणि ऊतीच्या परीक्षणात अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे बृहदांत्राचा व्रणयुक्त शोथ, निश्चित झाला.

मेसालामाइनच्या गोळ्या सुरू झाल्या आणि रोग आटोक्यात आला. पथ्यापथ्यासाठी तो आमच्याकडे येत राहिला. एकदा त्याने विचारले, "डॉक्टर, हळद घेतली तर चालेल का?" आम्ही म्हणालो, "हळद चांगलीच." एवढेच बोललो. पुढे त्याने एका औषधी दुकानातून कर्क्युमिनच्या कॅप्सूल आणल्या. या चालू असताना इंग्रजी गोळ्यांची गरज नाही, असे त्यास तेथे सांगण्यात आले. त्याने गोळ्या बंद केल्या. अडीच महिन्यांनी तो तीव्र रक्तस्रावाने रुग्णालयात दाखल झाला आणि त्यास रक्त द्यावे लागले.

दुकानदाराचा दोष आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याआधीचे चार महिने आमचे होते, आणि "हळद चांगलीच" हे अर्धवट वाक्यही आमचेच होते. किती घ्यावी, कशासोबत घ्यावी, काय बंद करू नये, यांतील एकही गोष्ट आम्ही त्यास सांगितली नव्हती. तो तरुण आज बरा आहे. पण त्याच्या आजारपणाने आम्हांस पुन्हा ग्रंथांकडे आणि संशोधनाकडे वळविले.

संशोधन काय सांगते?

प्रथम आनंदाची बाजू पाहू. शोथाच्या प्रक्रियेत पेशींच्या अंतर्भागात एन.एफ.-कप्पा बी नावाचा एक प्रथिनसमूह जागृत होतो आणि त्याच्या आज्ञेने टी.एन.एफ.-अल्फा, इंटरल्यूकिन-६ यांसारखी शोथकारक द्रव्ये निर्माण होतात. कर्क्युमिन या साखळीस अटकाव करते, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसून आले आहे. कर्क्युमिन रक्तात फार अल्प शोषले जाते, हा त्याचा मोठा दोष मानला जातो. परंतु व्याधी बृहदांत्राच्या अंतःत्वचेत असेल तर न शोषलेले औषध थेट व्याधिस्थानी पोचते. इतरत्र जो दोष तो येथे गुण ठरू शकतो.

मानवी रुग्णांवरील कसोट्याही झाल्या आहेत. २००६ साली जपानमधून प्रसिद्ध झालेल्या एका कसोटीत, रोग शांत असलेल्या ८९ रुग्णांना नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून त्यासोबत सहा महिने रोज २ ग्रॅम कर्क्युमिन किंवा निरौषध गोळी, म्हणजे प्लासिबो, देण्यात आली. कर्क्युमिन घेणाऱ्या ४३ पैकी २ रुग्णांत रोग उलटला. प्लासिबो घेणाऱ्या ३९ पैकी ८ रुग्णांत उलटला. २०१५ साली इस्रायल, हाँगकाँग आणि सायप्रस येथील वैद्यकांनी, सौम्य ते मध्यम रोग सक्रिय असलेल्या आणि मेसालामाइनने पुरेसा उतार न पडलेल्या ५० रुग्णांवरील कसोटी प्रसिद्ध केली. मेसालामाइन चालूच ठेवून रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन दिल्यावर चार आठवड्यांत २६ पैकी १४ रुग्णांत रोग शांत झाला. प्लासिबो घेणाऱ्या २४ पैकी एकातही झाला नाही.

हे आकडे उत्साहवर्धक आहेत, यात शंका नाही. परंतु दोन्ही कसोट्यांत एक अट समान आहे, आणि आपल्या चर्चेत नेमकी तीच गळून जाते. कर्क्युमिन हे मूळ औषधाच्या जोडीला दिले होते. मूळ औषधाच्या जागी दिलेले नव्हते. आमच्या रुग्णाने जे केले त्याची कसोटी या संशोधनाने घेतलेलीच नाही.

मात्रेचे गणित

दुसरी गोष्ट मात्रेची. हळदीच्या चूर्णात कर्क्युमिन सामान्यतः २ ते ५ टक्के असते. सरासरी ३ टक्के धरू. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात हरिद्रा चूर्णाची मात्रा १ ते ३ ग्रॅम दिली आहे. म्हणजे ३ ग्रॅम चूर्णातून कर्क्युमिन मिळते सुमारे ९० मिलिग्रॅम. जपानी कसोटीतील २ ग्रॅमसाठी रोज सुमारे ६७ ग्रॅम हळद खावी लागेल आणि २०१५ च्या कसोटीतील ३ ग्रॅमसाठी १०० ग्रॅम. हळदीचे दूध पिऊन ही मात्रा कोणी गाठू शकणार नाही आणि कोणी गाठूही नये.

याच संदर्भात नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजे 'एम्स'मधील, कसोटी महत्त्वाची आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या कसोटीत ६२ रुग्णांना मेसालामाइनसोबत रोज ४५० मिलिग्रॅम कर्क्युमिन किंवा प्लासिबो देण्यात आले. आठ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. ही मात्रा आपल्या ३ ग्रॅम चूर्णातून मिळणाऱ्या कर्क्युमिनच्या पाचपट होती, तरीही ती पुरी पडली नाही.

यावरून हरिद्रा निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात हरिद्रादी गणात हरिद्रा, दारुहरिद्रा आणि कुटजबीज यांचा एकत्र समावेश आहे आणि आमातिसाराचे शमन हे या गणाचे कर्म सांगितले आहे. तेथे हरिद्रा आमपाचनासाठी, अन्य द्रव्यांच्या संगतीत, अवस्था पाहून योजावयाची आहे. कर्क्युमिनच्या कसोटीत मात्र एक शुद्ध केलेला अंश, ग्रंथोक्त मात्रेतून मिळणाऱ्या अंशाच्या वीस-तीस पट प्रमाणात, निश्चित निदान झालेल्या एका व्याधीत दिलेला आहे. हरिद्रा हे द्रव्य आहे, कर्क्युमिन हा द्रव्यांश आहे. ही दोन स्वतंत्र औषधे समजली पाहिजेत. कर्क्युमिनच्या यशाचे प्रमाणपत्र हळदीच्या पुडीवर चिकटविता येत नाही, आणि हळदीच्या हजारो वर्षांच्या निर्धोकतेचा दाखला कर्क्युमिनच्या कॅप्सूलला देता येत नाही.

अपयश आणि अपाय

आता विचारात पाडणारी बाजू. भूनिंब हे ग्रहणी चिकित्सेतील आपले जुने द्रव्य. चरकसंहितेतील भूनिंबाद्य चूर्ण आपण सर्व जाणतोच. कालमेघ, म्हणजे आपल्याकडील ओले किराईत, याच्या अर्काची अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठी कसोटी झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २२४ रुग्ण होते. रोज १८०० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांत उतार पडला, प्लासिबो गटात ४० टक्के रुग्णांत. मात्र रोग पूर्ण शांत होण्याच्या बाबतीत फरक निर्णायक नव्हता. पुढची, अधिक मोठी कसोटी २०१४ साली मध्येच थांबविण्यात आली. अंतरिम आकडेवारीवरून यश मिळण्याची शक्यता दिसेना. येथे व्यवहारातील एक सूचनाही करावीशी वाटते. बाजारात किराईत या एकाच नावाखाली ओले किराईत आणि काडेकिराईत ही दोन भिन्न द्रव्ये विकली जातात. ज्या अँड्रोग्राफोलाइडची एवढी चर्चा होते ते ओल्या किराईतात असते. काडेकिराईत हे वेगळ्याच कुळातील झाड आहे.

सल्लकीचेही तसेच. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात जीर्ण बृहदांत्रशोथाच्या २० रुग्णांना सहा आठवडे रोज ९०० मिलिग्रॅम सल्लकीचा निर्यास दिला असता १४ रुग्णांत रोग शांत झाला. तुलनेसाठी सल्फासॅलाझिन घेणाऱ्या १० पैकी ४ रुग्णांत झाला. रुग्णसंख्या फार लहान होती, पण आशा वाढविणारी होती. पुढे २०११ साली जर्मनीतून क्रोन्स व्याधीच्या १०८ रुग्णांवरील कसोटी प्रसिद्ध झाली. त्यात रोग शांत ठेवण्याच्या बाबतीत सल्लकी प्लासिबोपेक्षा सरस ठरली नाही. व्याधी वेगळी, अवस्था वेगळी, फलही वेगळे. हे आपल्याला नवीन वाटू नये. व्याधी, अवस्था, बल आणि काल पाहून औषध योजावे हाच तर आपला पाठ आहे.

धोक्याची सूचना देणारे उदाहरण जपानचे आहे. चिनी वैद्यकातील नीळ, जी नीलिनीसारख्या वनस्पतींपासून करतात, तिची ८६ रुग्णांवर कसोटी घेण्यात आली आणि २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांत नीळ घेणाऱ्या गटांत सुमारे ७० ते ८१ टक्के रुग्णांना उतार पडला, प्लासिबो गटात सुमारे १४ टक्के. एवढे यश वनस्पतीजन्य औषधाला क्वचितच लाभते. तरीही ती कसोटी मुदतीपूर्वी थांबवावी लागली. कारण कसोटीबाहेरील एका रुग्णाने स्वतःच विकत आणून सहा महिने नीळ घेतली होती आणि त्याच्या फुप्फुसांतील धमन्यांचा रक्तदाब वाढला होता. जपानच्या आरोग्य खात्याने २०१६ च्या अखेरीस तशी सूचना प्रसृत केली होती. जे द्रव्य व्याधी हटविण्याइतके सामर्थ्यवान आहे ते अपाय करण्याइतकेही सामर्थ्यवान असते.

कर्क्युमिनही याला अपवाद नाही. २०१९ साली इटलीत हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृतशोथाचे रुग्ण आढळले आणि तेथील शासनाने वेष्टनावर इशारा छापणे आवश्यक केले. अमेरिकेतील यकृत-अपायांची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी २०२२ साली हळदीशी संबंधित १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील एक रुग्ण दगावला. काही उत्पादनांत शोषण वाढावे म्हणून मिरीचे पिपरीन घातलेले होते. १९९८ सालच्या बंगळूरच्या प्रसिद्ध अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर शोषण वीसपट वाढल्याचे दिसले होते. दुकानांतील जाहिरातीत हे अभिमानाने लिहिलेले असते. पण आतड्याच्या रोगात औषध आतड्यातच राहावे अशी अपेक्षा असताना ते रक्तात ढकलण्याचा आग्रह कशासाठी, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

संपूर्ण द्रव्याची बाजू

हे वाचून कोणी म्हणेल की लेखकाचा आपल्या शास्त्रावरील विश्वास उडाला. तसे नाही. उलट, संपूर्ण द्रव्याची परीक्षा नीट केली तर काय हाती लागते याचे सुंदर उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. पुणे जिल्ह्यातील परिंचे खोऱ्यात लोक अतिसारावर कोणत्या वनस्पती वापरतात, याचे सर्वेक्षण मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च या संस्थेशी संबंधित संशोधकांनी केले. त्यांनी कच्च्या बेलफळाच्या काढ्याचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की तपासलेल्या सहा जिवाणूंपैकी एकालाही हा काढा मारीत नाही. केवळ जिवाणू मरतात का एवढेच पाहिले असते तर बेल नापास झाला असता. परंतु जिवाणूंचे पेशींना चिकटणे आणि पेशींत शिरणे या काढ्याने लक्षणीयरीत्या कमी झाले आणि पटकीच्या विषाच्या निर्मितीवरही परिणाम झाला. शिवाय जिआर्डिया आणि रोटाव्हायरस यांवर तो थेट प्रभावी ठरला. हे प्रयोगशाळेतील काम आहे, रुग्णांवरील नव्हे. पण प्रश्न योग्य विचारला तर उत्तरही योग्य मिळते, हे यातून दिसते. येथे संशोधकांनी एखादा अंश वेगळा न काढता गावातील लोक घेतात तसा काढाच तपासला, हे आपण विशेष लक्षात घ्यावे.

रुग्णांवरही असे काम करता येते. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटकीच्या मुळाचे साधे चूर्ण, ३७५ मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, विषाणूजन्य यकृतशोथाच्या रुग्णांना प्लासिबोच्या तुलनेत देऊन पाहिले आणि १९९६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अर्क नाही, घटक नाही, चूर्णच. आंत्रशोथात कुटज, मुस्ता, बिल्व, दाडिमत्वक् यांच्या योगांवर आणि विशेषतः पिच्छाबस्तीवर याच तोडीचे काम व्हावयास हवे. मेसालामाइनचा बस्ती गुदमार्गाने देऊन औषध थेट व्रणापर्यंत पोचविणे ही आधुनिक वैद्यकातील मान्य पद्धती आहे. शाल्मलीच्या पिच्छेचा बस्ती अतिसारात सांगणाऱ्या आपल्या आचार्यांनी तोच मार्ग फार पूर्वी निवडला होता. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण अभिमान म्हणजे पुरावा नव्हे. तो पुरावा मिळविण्याचे काम अजून आपल्यापुढे आहे.

वैद्यांचे कर्तव्य

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजेच अमुक व्याधी, असे एकास एक समीकरण मांडता येत नाही. रक्तातिसार, पित्तज ग्रहणी, प्रवाहिका यांपैकी कोणत्याही रूपात तो समोर येतो. उलट, ही सर्व लक्षणे अमिबाजन्य विकारात, आतड्याच्या क्षयात आणि कर्करोगातही दिसतात. हा रोग आपल्याकडे दुर्मीळ आहे अशा समजुतीत राहू नये. पंजाबातील २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर लाख लोकसंख्येत सुमारे ४४ रुग्ण आढळले होते. म्हणून आम्ही स्वतःस काही नियम घालून घेतले आहेत, ते व्यवसायबंधूंपुढे विचारार्थ ठेवतो.

मलातून रक्त तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ पडत असेल, वजन घटत असेल, ज्वर असेल अथवा रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागत असेल, तर आम्ही दुर्बिणीच्या तपासणीचा आग्रह धरतो. औषधाने उतार पडला तरी हा आग्रह सोडीत नाही. सामान्य परिस्थितीतील रुग्णास नगरला जाणे जड जाते हे आम्ही जाणतो. एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते. पण चार महिने चुकीच्या समजुतीत राहण्याची किंमत त्याहून फार मोठी असते.

निदान निश्चित झालेल्या रुग्णाची चालू औषधे आम्ही बंद करीत नाही; ज्या तज्ज्ञाने ती सुरू केली त्याच्याशी बोलल्याविना मात्राही बदलत नाही. आपले औषध जोडीला द्यावयाचे तर काय दिले ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहून तज्ज्ञास कळवितो. आरंभी यात संकोच वाटे; एका तज्ज्ञाने मात्र आमची चिठ्ठी वाचून स्वतः दूरध्वनी केला, तेव्हा संकोच गेला. जीर्ण रोगात वर्षानुवर्षे शोथ राहिल्यास बृहदांत्राच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हेही रुग्णास समजावून सांगतो, कारण बरे वाटले की औषध सोडण्याची प्रवृत्ती सर्वत्र आहे.

शेवटी, नोंदी. वनस्पतीजन्य औषधाने अपाय झाल्याचा संशय आला तर तो लपविणे हा शास्त्राचा बचाव नव्हे. आयुष मंत्रालयाच्या औषधसतर्कता योजनेकडे अशी नोंद करता येते. नवी दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था तिचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे. आपल्यापैकी किती जणांनी आजवर एक तरी नोंद पाठविली आहे? आम्हीही उशिराच सुरुवात केली.

औषधी दुकानदारांस विनंती

दुकानदार बंधू हे या साखळीतील पहिले वैद्य आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. गावाकडील माणूस आधी दुकानात विचारतो, मग दवाखान्यात येतो. म्हणून त्यांस तीन प्रश्न विचारण्याची विनंती आहे. रक्त पडते काय? किती दिवसांपासून? सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर बाटली देण्याआधी वैद्याकडे पाठवावे. चालू गोळ्या बंद करा, हे वाक्य दुकानाच्या फळीवरून कधीही उच्चारले जाऊ नये.

वेष्टन वाचण्याची सवयही आवश्यक आहे. कर्क्युमिनच्या पुष्कळशा कॅप्सूलवर आयुर्वेदिक औषधाचा परवाना नसतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक असतो. कायद्याच्या दृष्टीने ती वस्तू आहारपूरक आहे, आयुर्वेदिक औषध नव्हे. "आयुर्वेदिकच आहे" असे सांगून ती विकणे म्हणजे आपल्या शास्त्राचे नाव उसने देणे होय. पुढे अपाय झाला तर बदनामी आयुर्वेदाची होते, नफा मात्र दुसऱ्याचा.

कच्च्या मालाचेही तेच. कुटजत्वक् म्हणून पांढऱ्या कुड्याच्या सालीऐवजी काळ्या कुड्याची साल येणे ही जुनी तक्रार आहे. इंद्रजवातही कडू आणि गोड असा भेद आहे आणि औषधात कडूच हवे. साल चाखून पाहणे, व्यापाऱ्याकडून परीक्षणाचा दाखला मागणे, संशय आल्यास माल परत करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. ज्या चूर्णाने दोन दिवसांत चमत्कार दिसतो त्याकडे तर विशेष संशयाने पाहावे. अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. आतड्याचा क्षय असलेल्या रुग्णाच्या पोटात ते गेले तर परिणाम काय होईल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

समारोप

१९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हळद आपली आहे, हे त्या वेळी जगाने मान्य केले. आम्ही तेव्हा तरुण होतो आणि ती बातमी वाचून आमची छाती फुगली होती. पण वस्तू आपली म्हटली की तिच्या नावाने जे विकले जाते त्याची जबाबदारीही आपलीच होते. तो विजय जुन्या ग्रंथांतील आणि नियतकालिकांतील लेखी पुराव्यांच्या बळावर मिळाला होता, घोषणांच्या बळावर नव्हे, हेही विसरू नये.

आपल्या संघटनेच्या सभासदांनी आंत्रशोथाच्या रुग्णांसाठी एक समान नोंदपत्रक तयार करावे, अशी आमची सूचना आहे. निदान कसे झाले, कोणती आधुनिक औषधे चालू आहेत, आपण कोणते द्रव्य किती मात्रेत दिले, तीन आणि सहा महिन्यांनी स्थिती काय, एवढे चार रकाने पुरेत. एकट्या मिरजगावातील पाच-सहा रुग्णांवरून काही सिद्ध होणार नाही. परंतु जिल्ह्यातील सर्व वैद्यांनी दोन वर्षे प्रामाणिकपणे रकाने भरले, तर निदान कोणता प्रश्न विचारावयाचा हे तरी आपल्याला समजेल.

तो तरुण दर तीन महिन्यांनी येतो. मेसालामाइन चालू आहे, पथ्य सांभाळतो, शेतात कामही करतो. मागच्या खेपेस त्याने पुन्हा विचारले, "डॉक्टर, हळदीचे काय?" या वेळी आम्ही त्यास बसविले, कागद घेतला आणि सगळे सांगितले. जेवणातील हळद खुशाल खावी, कॅप्सूल घ्यावयाची तर नगरच्या डॉक्टरांना आणि आम्हांला विचारूनच, आणि गोळी मात्र एक दिवसही चुकवू नये. बोलण्यास दहा मिनिटे लागली. ही दहा मिनिटे आम्ही त्यास पहिल्याच वेळी द्यावयास हवी होती.